मानवकेंद्री संगणन : कोलकात्यातील अभ्यासाच्या वाटा

संगणकशास्त्र, मानसशास्त्र आणि डिझाइन या तीन विषयांच्या एकत्रित अभ्यासाला मानवकेंद्री संगणन असे म्हणतात. यंत्राचा वेग किती आणि त्याची साठवणक्षमता किती, हे प्रश्न या विद्याशाखेत दुय्यम ठरतात. यंत्र वापरणाऱ्या व्यक्तीला पडद्यावरचे काय दिसते, त्यातले काय कळते, किती लक्षात राहते आणि तिचा हात कोठवर पोहोचतो, येथून या अभ्यासाचा प्रारंभ होतो. अमेरिका आणि युरोपातील अनेक विद्यापीठांत या किंवा यासारख्या नावाने स्वतंत्र पदव्या दिल्या जातात. कोलकात्यात हा विषय शिकू इच्छिणाऱ्याला तो बहुधा निरनिराळ्या संस्थांतून वेचून घ्यावा लागतो. असे असले तरी भारतात या क्षेत्रात जे मोलाचे काम झाले, त्यात या शहराचा आणि त्याच्या परिसराचा वाटा लक्षणीय आहे.

विषयाची जडणघडण

या शास्त्राचे मूळ संगणकाच्या आधीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने सुखरूप परतल्यानंतरही धावपट्टीवर अपघातग्रस्त होत असत. वैमानिकांचा निष्काळजीपणा हे त्याचे कारण मानले जाई. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहणी केली, तेव्हा चाके आत घेण्याची आणि पंखांच्या झडपा हलविण्याची कळ एकसारखी असून ती शेजारीशेजारी बसविलेली असल्याचे त्याच्या ध्यानात आले. कळींच्या मुठींना वेगवेगळे आकार देणे हा उपाय होता. चूक करणाऱ्या माणसाकडे बोट दाखविण्यापूर्वी यंत्राची रचना तपासावी, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

१९५४ साली पॉल फिट्स यांनी मांडलेला नियम आजही प्रत्येक विद्यार्थ्याला प्रथम शिकविला जातो. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि रुंदीवर अवलंबून असतो, असे हा नियम सांगतो. मोबाइलच्या पडद्यावरील बटण किती मोठे असावे आणि कोठे असावे, याचा हिशेब यावरून करता येतो. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेविषयी लिहिलेला निबंधही असाच प्रसिद्ध आहे. मात्र त्याचा गैरवापर अधिक झाला आहे. पडद्यावरील यादीत सातच पर्याय असावेत असा अर्थ अनेकांनी त्यातून काढला. यादी डोळ्यांसमोर असताना ती स्मरणात ठेवण्याची आवश्यकताच नसते, ही साधी गोष्ट त्यात निसटली.

१९८२ साली अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संघटनेत या विषयाचा स्वतंत्र गट स्थापन झाला. १९८३ साली स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मानसशास्त्रातील मोजमाप संगणकाच्या पडद्यापर्यंत आले. १९९० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठाने त्यासाठी वेगळी संस्था उभारली. जॉर्जिया टेकने २००४ मध्ये ‘मानवकेंद्री संगणन’ याच नावाने पीएच.डी. सुरू केली.

कोलकात्याची पूर्वपीठिका

या विषयाचे दोन पाय कोलकात्यात फार आधीपासून रोवलेले आहेत. भारतातील मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा कोलकाता विद्यापीठात १९१५ साली उघडली आणि १९१६ मध्ये तेथे देशातील पहिला मानसशास्त्र विभाग सुरू झाला. त्याची धुरा वाहणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डमध्ये ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले होते. म्यून्स्टरबर्ग हे औद्योगिक मानसशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक. ट्रामचालकाचे लक्ष किती टिकते आणि धोका दिसल्यावर तो किती वेळात प्रतिसाद देतो, हे मोजण्याच्या चाचण्या त्यांनी तयार केल्या होत्या. भारतात ट्राम अद्यापही धावते असे एकमेव शहर म्हणजे कोलकाता, हा योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. १९३८ मध्ये याच विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा निराळा विभाग निघाला.

दुसरा पाय भारतीय सांख्यिकी संस्थेचा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या या संस्थेत समरेंद्रकुमार मित्र यांनी १९५३ मध्ये देशी बनावटीचा ॲनालॉग संगणक तयार केला. १९५६ मध्ये इंग्लंडहून आणलेला एचईसी-२एम हा देशातील पहिला डिजिटल संगणक येथेच बसविण्यात आला. त्यानंतर १९५९ मध्ये सोव्हिएत संघाचा ‘उराल’ आला. १९६६ मध्ये सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक उभारला; दोन्ही संस्थांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘इसिजू’ ठेवण्यात आले. संगणक आणि मानसशास्त्रीय मापन हे दोन्ही विषय सांख्यिकी संस्थेत एकाच आवारात वाढले.

मात्र या दोन विद्यांची खरी गाठ पडली ती एका वेगळ्याच कारणाने.

‘संयोग’ आणि एका बटणाचा प्रश्न

सेरेब्रल पाल्सी हा मेंदूला जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा बाल्यावस्थेत झालेल्या इजेमुळे येणारा विकार आहे. त्यात स्नायूंवरील नियंत्रण बिघडते. जीभ, ओठ आणि घसा यांचे स्नायूही त्यातून सुटत नसल्याने अनेक मुलांना बोलता येत नाही, आणि हात थरथरत असल्याने लिहिताही येत नाही. यातील पुष्कळ मुलांची समज मात्र शाबूत असते. सांगायचे आहे, परंतु सांगण्याचे साधन नाही, अशी ही अवस्था. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये अशा मुलांसाठी संस्था स्थापन केली. त्यापाठोपाठ १९७४ मध्ये सुधा कौल यांच्या पुढाकाराने कोलकात्यात जी संस्था उभी राहिली, ती आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखली जाते. वाणीला पूरक किंवा पर्यायी अशा संवादसाधनांचे केंद्र म्हणून या संस्थेचा देशभर लौकिक आहे. चित्रांचा तक्ता समोर धरावयाचा आणि मुलाने नजरेने किंवा बोटाने चित्र दाखवावयाचे, ही त्यातील सर्वांत साधी पद्धत.

कोलकात्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर असलेल्या खरगपूरच्या आयआयटीत प्रा. अनुपम बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तक्ता संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले. त्यातून ‘संयोग’ ही प्रणाली तयार झाली. तिच्यात मूल अक्षरे जुळवीत नाही, चित्रे निवडते. ‘खाणे’ या क्रियेचे चित्र निवडले की कोण, काय, केव्हा यांच्या जागा भरण्यास प्रणाली मदत करते आणि निवडलेल्या चित्रांतून व्याकरणशुद्ध वाक्य तयार करते. ते वाक्य नंतर संगणकाच्या आवाजात उच्चारले जाते. बंगाली, हिंदी आणि इंग्रजी या भाषांसाठी हे काम झाले.

ऐकावयास सोपे वाटणाऱ्या या कामात भाषेची अडचण मोठी असते. बंगालीत क्रियापदाला लिंगभेद नाही, हिंदीत आहे. मराठीसाठी अशी प्रणाली करावयाची झाल्यास ‘मी भात खाल्ला’ आणि ‘मी भाकरी खाल्ली’ यांतील फरक संगणकाला कळावा लागेल, म्हणजेच प्रत्येक पदार्थचित्रामागे त्या शब्दाचे लिंगही नोंदवावे लागेल. मुलाने निवडलेली चित्रे दोन्ही वाक्यांत तीच, केवळ पदार्थ वेगळा. हे काम संगणकशास्त्राचे.

त्याहून अवघड प्रश्न निवडीचा आहे. ज्या मुलाला माउस धरता येत नाही, ते चित्र निवडणार कसे? अशा मुलाला बहुधा एकच हालचाल खात्रीने करता येते : डोके एका बाजूस टेकविणे, मूठ दाबणे किंवा पाय हलविणे. त्या हालचालीने दाबले जाईल असे एकच मोठे बटण त्याला दिले जाते. पडद्यावरील चौकटी क्रमाक्रमाने उजळत जातात आणि हवी ती चौकट उजळली की मूल बटण दाबते. या पद्धतीला क्रमवीक्षण म्हणता येईल.

येथे हिशेब महत्त्वाचा ठरतो. पडद्यावर ४९ चिन्हे एका ओळीत असून प्रत्येक चिन्ह एक सेकंद उजळत असेल, तर हवे ते चिन्ह येण्यास सरासरी २५ सेकंद लागतील. ‘पाणी’ या शब्दात दोन अक्षरे आणि दोन मात्रा धरून चार चिन्हे आहेत. म्हणजे तहान लागल्याचे सांगण्यास १०० सेकंद. तीच ४९ चिन्हे सात ओळी आणि सात स्तंभांत मांडली, आधी ओळ निवडावयाची आणि मग त्या ओळीतील चिन्ह, अशी व्यवस्था केली, तर सरासरी ८ सेकंद पुरतात आणि तोच शब्द सुमारे ३२ सेकंदांत होतो. अधिक वापराची चिन्हे वरच्या डाव्या कोपऱ्यात नेल्यास वेळ आणखी घटतो. यंत्र तेच, बटण तेच. बदलली ती केवळ मांडणी.

मग उजळण्याचा वेग वाढवावा, असे कोणासही सुचेल. परंतु वेग वाढला की मूल बटण दाबेपर्यंत चौकट पुढे सरकते, चुकीचे चिन्ह निवडले जाते आणि ते पुसण्यात वाचविलेला वेळ वाया जातो. योग्य वेग प्रत्येक मुलाचा वेगळा असतो आणि तो शोधण्यासाठी त्याचा प्रतिसादकाल, थकवा आणि चुकांचे प्रकार मोजावे लागतात. हे काम मानसशास्त्राचे. खरगपूरच्याच समित भट्टाचार्य, देबाशिस सामंत आणि अनुपम बसू यांनी २००८ साली अशा कळफलकांची कार्यक्षमता गणिती प्रतिमानाने अजमाविण्याविषयी आणि ते वापरताना होणाऱ्या चुकांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केले. प्रतिमानाची गरज का भासते, हे सहज समजण्यासारखे आहे. अशा वापरकर्त्यांची संख्या थोडी असते, ते लवकर थकतात आणि प्रत्येक नवी मांडणी त्यांच्यावर आजमावून पाहणे व्यवहार्य नसते, उचितही नसते. आधी कागदावर दहा मांडण्या पारखून त्यांतील दोन मुलांपुढे ठेवणे श्रेयस्कर.

तिसरा भाग चित्रांचा. काटा-चमच्याचे चित्र ‘जेवण’ म्हणून ओळखण्यासाठी त्या मुलाने काटा-चमचा पाहिलेला असावा लागतो. हाताने भात खाणाऱ्या घरातील मुलाला ते चित्र काहीच सांगत नाही. ‘उद्या’ किंवा ‘मला नको’ यांची चित्रे काढणे तर कोठेही कठीणच. हे डिझाइनरचे क्षेत्र, आणि तिन्ही क्षेत्रांतील एकही कच्चे राहिले तर मुलाच्या हाती पडणारे साधन निरुपयोगी ठरते. विद्यापीठांतील माहितीपत्रके या विषयाचे वर्णन ‘आंतरविद्याशाखीय’ या जड शब्दाने करतात; त्या शब्दाचा खरा अर्थ या एका बटणात दिसतो.

लिपी, कळफलक आणि ब्रेल

कोलकात्यातील दुसरे मोठे काम लिपीशी संबंधित आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेतील प्रा. बिद्युत बरन चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९७ साली बंगाली आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांतील छापील मजकूर ओळखणारी प्रणाली शोधनिबंधातून मांडली. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. बंगाली आणि देवनागरी अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. छापील ओळीतील काळ्या ठिपक्यांची आडवी मोजणी केली की सर्वांत दाट पट्टा सापडतो, तीच शिरोरेषा. ती वगळली की खालची अक्षरे वेगळी होतात. जोडाक्षरे आणि वरखालच्या मात्रा यांचा उलगडा त्यानंतर करावा लागतो. मराठी ग्रंथांच्या संगणकीय वाचनालाही हेच तत्त्व लागू पडते. दृष्टिहीन वाचकासाठी छापील पान मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या यंत्राचा हा पहिला टप्पा आहे.

ब्रेलच्या बाबतीतही असेच घडले. सर्व भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारली गेली, तरी पुस्तके तयार करण्याचे काम दीर्घकाळ हातानेच चालत असे. भारतीय भाषांतील संगणकीय मजकुराचे ब्रेलमध्ये लिप्यंतर करणारी प्रणाली खरगपूरच्या आयआयटीत विकसित झाली आणि पश्चिम बंगाल सरकारच्या वेबेल मीडियाट्रॉनिक्स या कोलकात्यातील कंपनीने ब्रेल छपाईची यंत्रणा तयार केली.

महाराष्ट्रातील या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मोबाइलसाठी आणलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उघडते आणि बोट हव्या त्या दिशेने सरकविले की काना, मात्रा, वेलांटी लागते. वाचकाने शाळेत पाठ केलेल्या बाराखडीचाच येथे आधार घेतलेला आहे. १९८० च्या दशकात शासनाने प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलकही शास्त्रशुद्धच आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. तरीही बहुसंख्य लोक रोमन अक्षरांतून मराठी व बंगाली लिहीत राहिले. शास्त्रशुद्ध रचना आणि शिकावयास सोपी रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा पुरावा मानता येईल.

अभ्यासक्रमात काय शिकावे लागते

संगणकशास्त्राच्या बाजूने प्रोग्रॅमिंग, विदासंरचना आणि पडद्यावरील दर्शनी भागाची बांधणी हे विषय अपरिहार्य आहेत. मानसशास्त्राच्या बाजूने दृष्टी, अवधान, स्मृती आणि निर्णयप्रक्रिया यांबरोबरच प्रयोगरचना व संख्याशास्त्र शिकावे लागते. या शेवटच्या भागाकडे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होते आणि तेथेच त्यांचे काम लंगडे पडते. आपण केलेली रचना दहा मित्रांना आवडली, यावरून काहीच सिद्ध होत नाही. कोणते काम, किती वेळात, किती चुकांसह पार पडले हे नोंदवावे लागते. डिझाइनच्या बाजूने रेखाटन, अक्षररचना, कागदी नमुने तयार करणे आणि लोकांच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन निरीक्षण करणे यांचा समावेश असतो. माणसांवर प्रयोग करावयाचे असल्याने त्यांची संमती आणि संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घेणे आवश्यक असते.

या अभ्यासाला अलीकडे कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख व्यक्तींना अपंगत्व आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता बंधनकारक केली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला. बँकेचे खाते उघडताना मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटण्यास सांगितले जाते. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या व्यक्तींना ते शक्य नव्हते, ही त्या याचिकेची पार्श्वभूमी होती. ती प्रणाली तांत्रिकदृष्ट्या सदोष नव्हती. पापण्या सर्वांनाच मिटता येतात, असे तिच्या रचनाकारांनी गृहीत धरले होते, इतकेच.

प्रवेश आणि संस्था

जादवपूर विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीच्या विभागाशिवाय संज्ञानशास्त्राचे आणि शैक्षणिक तंत्रज्ञानाचे अध्यापन व संशोधन करणारी स्वतंत्र केंद्रे आहेत. तेथील अभियांत्रिकीचा पदवी प्रवेश पश्चिम बंगालच्या सामायिक परीक्षेतून होतो. भारतीय सांख्यिकी संस्थेत संगणकशास्त्रातील एम.टेक. करता येते. कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्र व उपयोजित मानसशास्त्र यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. खरगपूर येथे मानव-संगणक संवाद हा विषय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेता येतो, एम.टेक. प्रवेशासाठी ‘गेट’ परीक्षा द्यावी लागते. समित भट्टाचार्य पुढे गुवाहाटीच्या आयआयटीत अध्यापन करू लागले आणि या विषयावरील त्यांची व्याख्यानमाला एनपीटीईएलच्या माध्यमातून सर्वांना उपलब्ध झाली. ज्याच्या महाविद्यालयात हा विषय शिकविला जात नाही, त्याने तेथून आरंभ करावा.

कोलकात्याचा दुबळा पाय आहे तो डिझाइनचा. औद्योगिक कलांची शाळा म्हणून १८५४ मध्ये सुरू झालेले शासकीय कला महाविद्यालय आणि १९९५ पासून असलेले राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र या शहरात आहेत. परंतु संगणकीय परस्परक्रियेच्या डिझाइनचे शिक्षण हे त्यांचे प्रधान क्षेत्र नाही. त्यामुळे पूर्व भारतातील विद्यार्थी बहुधा गुवाहाटीकडे वळतात. तेथील आयआयटीत १९९८ पासून डिझाइन विभाग आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते. मुंबईतील आयडीसी ही १९६९ मध्ये स्थापन झालेली आयआयटीची डिझाइन शाळा परस्परक्रिया डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण देते.

पदव्युत्तर डिझाइन प्रवेशासाठी ‘सीड’ आणि पदवी प्रवेशासाठी २०१५ पासून ‘यूसीड’ या परीक्षा मुंबईची आयआयटी घेते. ‘सीड’साठी डिझाइनचीच पूर्वपदवी असावी लागत नाही, अभियांत्रिकीचा पदवीधरही ती देऊ शकतो. दोन्ही परीक्षांत रेखाटनाचा भाग असतो. दोन्ही परीक्षा साधारणपणे जानेवारीत होतात आणि त्यांच्या केंद्रांत कोलकात्याचाही समावेश असतो.